चाळिशी आणि तिची ग्वाही

मराठीतला 'चाळिशी' हा शब्द एकाच वेळी तीन गोष्टी सांगतो. चाळीस वर्षांचे वय ही पहिली. त्या वयाच्या सुमारास हातातल्या पोथीचे अक्षर पुसट दिसू लागते, तो विकार ही दुसरी. आणि त्या विकारावर उपाय म्हणून नाकावर चढविलेला चष्मा ही तिसरी. 'चाळिशी लागली' आणि 'चाळिशी लावली' या दोन वाक्यांत एका अक्षराचेच अंतर आहे. परंतु पहिले वाक्य दैवाधीन आहे आणि दुसरे मनुष्याधीन.

आम्ही मराठी बोलणारे महाराष्ट्राबाहेर ज्या ज्या प्रांतांत जाऊन राहिलो, तेथील भाषांकडे कान दिला तर या शब्दाची भावंडे जागोजाग भेटतात. बंगाली माणूस याच विकाराला 'चालशे' म्हणतो. तेलुगू भाषेत 'चत्वारम्' हा शब्द आहे; त्यात संस्कृत 'चत्वारिंशत्' स्पष्ट ऐकू येते. कन्नडात 'चाळीसु' आहे, आणि तमिळ भाषेनेही हाच शब्द थोडा वेष पालटून आपल्या घरात घेतला आहे. गुजराती शेजाऱ्याने मात्र दोन वर्षांची सवलत घेतली आहे. तो 'बेताळां' म्हणतो, म्हणजे त्याच्या हिशेबी ही वेळ बेचाळिसाव्या वर्षी येते. व्यापारी समाजाने मुदत वाढवून घ्यावी यात नवल नाही! फारसीतून आलेला 'चष्मा' आणि अरबीचा अंश असलेला 'ऐनक' हे शब्द डोळ्यावरून झाले आहेत. आपल्या देशी शब्दांनी मात्र वय धरले.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. जवळचे दिसावे म्हणून घालावयाचा चष्मा कित्येक शतके वयाच्या अंकावरच विकला जात असे. नित्याच्या वापरातली, आणि मुख्यतः वृद्धांसाठीच घडविलेली अशी जी पहिली वस्तू मोठ्या संख्येने बाजारात आली, ती हीच असे आमचे मत आहे. काठी त्याहून जुनी खरी. परंतु काठी गुराख्याच्याही हाती असते. ज्याला ती वस्तू लागते त्याचीच नजर अधू. मग ती वस्तू चांगली की वाईट हे त्याने ओळखावे कसे? भिंगातला बुडबुडा दिसण्यासाठी आधी चांगले भिंग डोळ्यांवर हवे. म्हणून चष्म्याच्या इतिहासात प्रारंभापासून दोन धागे एकत्र चालतात. एक कारागिराचा, आणि दुसरा त्या कारागिराबद्दल ग्वाही देणाऱ्याचा. पहिल्या धाग्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे आम्हांला दुसऱ्याकडे अधिक लक्ष द्यावयाचे आहे.

इंग्लंडातील रॉजर बेकन या फ्रान्सिस्कन भिक्षूने १२६७ च्या सुमारास पोपकरिता एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. काचेच्या किंवा स्फटिकाच्या गोलाचा छेद अक्षरांवर ठेवला असता ती मोठी दिसतात, आणि हे साधन वृद्धांना व अधू दृष्टीच्या लोकांना उपयोगी पडेल, असे त्याने त्यात म्हटले आहे. साधन प्रत्यक्ष डोळ्यांवर चढण्यापूर्वीच त्याचा ग्राहक असा ठरून गेला होता. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत इटलीत चष्मा झाला. १३०६ च्या फेब्रुवारीत फ्लॉरेन्स येथे प्रवचन करताना जोर्दानो या डोमिनिकन साधूने श्रोत्यांना सांगितले की, चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत, आणि ती प्रथम काढणाऱ्याला आपण स्वतः पाहिले आहे, त्याच्याशी बोललो आहोत. त्याने त्या माणसाचे नाव सांगितले असते तर पुढचे पुष्कळ वाद टळले असते. पिसा येथील मठाच्या बखरीत अलेस्सांद्रो देल्ला स्पिना या भिक्षूची नोंद आहे. त्याचा मृत्यू १३१३ चा. चष्मा प्रथम दुसऱ्याच कोणी केला, पण तो आपली युक्ती सांगेना. तेव्हा अलेस्सांद्रोने ती वस्तू नुसती पाहून तशी स्वतः केली आणि आनंदाने सर्वांना शिकविली, असे ती बखर म्हणते. पहिल्याचे नाव बुडाले आणि ज्याने वाटून टाकले त्याचे राहिले.

नाव बुडाले की ते भरून काढणारे पुढे येतातच. १६८४ साली फ्लॉरेन्सच्या देल मिल्योरे नामक इतिहासकाराने आपल्या नगराच्या अभिमानापोटी साल्व्हिनो देल्यी आर्माती नावाचा संशोधक पुढे आणला आणि त्याच्या थडग्यावरील लेखही छापला. लोकांनी तो खरा मानला; एका चर्चमध्ये त्याचे स्मारकही उभे राहिले. १९५६ साली एडवर्ड रोझन या अमेरिकन पंडिताने सर्व कागद तपासून हा माणूस चष्म्याचा जनक नव्हे हे सिद्ध केले. पुराव्याविना अभिमान धरणारे फक्त आपल्याकडेच असतात असे नाही, एवढे तरी समाधान यात आहे.

आता व्हेनिसकडे वळू. या नगरीत स्फटिकाचे काम करणाऱ्यांचा एक संघ होता आणि त्याची नियमावली १२८४ ची आहे. स्फटिक म्हणजे खाणीतून निघणारा नितळ दगड. तो कठीण, महाग आणि कापावयास वेळखाऊ. उलट काच भट्टीतून निघे, ती स्वस्त असे. पण त्या काळच्या काचेत हिरवट झाक आणि बुडबुडे असत. घासून-पुसून तयार केलेली काचेची चकती व स्फटिकाची चकती शेजारी ठेवल्या तर तरुण आणि जाणत्या डोळ्याला फरक कळे. ज्याच्यासाठी ती चकती केली त्याला बहुधा कळत नसे. फसवणुकीला इतकी सोयीची जागा दुसरी कोणती असणार? १३०० च्या एप्रिलमध्ये संघाच्या नियमांत भर पडली. साधी पांढरी काच स्फटिक म्हणून कोणीही करू नये, विकत घेऊ नये व विकू नये, अशी ती आज्ञा होती. ज्या वस्तूंना ती लागू होती त्यांत 'डोळ्यांच्या चकत्या' आणि 'वाचण्याचे दगड' यांचा नावानिशी उल्लेख आहे. चष्म्याविषयी जे अगदी जुने लेख आज हाती आहेत, त्यांतला हा एक. म्हणजे या वस्तूची आणि आपली कागदोपत्री पहिली भेट होते ती तिच्या भेसळीच्या बंदोबस्तात!

परंतु याहून महत्त्वाचे कलम पुढच्याच वर्षीचे आहे. १३०१ च्या जूनमध्ये अशी मुभा देण्यात आली की, ज्याला वाचण्यासाठी काचेचे चष्मे करावयाचे असतील त्याने ते खुशाल करावेत. मात्र आपण ते काच म्हणूनच विकू, स्फटिक म्हणून विकणार नाही, अशी शपथ त्याने घ्यावी. या कलमात केवढे शहाणपण आहे ते पाहावे. स्वस्त माल वाईट म्हणून त्यावर बंदी घातली असती, तर श्रीमंत धर्माधिकाऱ्याला स्फटिकाचा चष्मा मिळाला असता आणि गरीब लेखनिक चाळिशीनंतर निरुपयोगी होऊन बसला असता. सर्व काही मोकळे सोडले असते, तर काच स्फटिकाच्या भावाने खपली असती. व्हेनिसच्या पंचांनी दोन्ही टाळले. त्यांनी माल अडविला नाही, त्याचे खरे नाव सांगण्याची सक्ती केली. आज वेष्टनावर 'यात काय आहे' हे छापण्याची जी सक्ती सर्व देशांत असते, तिचे बीज याहून निराळे नाही.

चष्म्याने मनुष्याला काय दिले याची कल्पना पेट्रार्क कवीवरून येते. आपली दृष्टी साठी उलटेपर्यंत तीक्ष्ण होती व त्यानंतर नाइलाजाने चष्म्याचा आश्रय करावा लागला, असे त्याने भावी पिढ्यांस उद्देशून लिहिलेल्या पत्रात नोंदविले आहे. त्या नोंदीत कृतज्ञतेचा लेश नाही, कुरकुरच आहे. ही कुरकुर समजण्यासारखी आहे. कारण या जुन्या चष्म्याला कानावर अडकवावयाच्या काड्या नव्हत्या. दोन भिंगांच्या दोन चौकटी, त्यांच्या दांड्या मध्ये खिळ्याने जोडलेल्या, आणि तो खिळा नाकावर चिमटून बसवावयाचा किंवा हाताने धरावयाचा. १९५३ साली जर्मनीतील व्हीनहाउझेन येथील मठात जोगिणींच्या प्रार्थनास्थानाच्या लाकडी जमिनीखाली असे चष्मे सापडले. वाचता वाचता एखाद्या वृद्ध जोगिणीच्या नाकावरून ते घसरले असतील आणि फटीतून खाली गेले असतील. चौदाव्या शतकात गेलेला तो चष्मा शोधणार कसा, शोधण्यासाठी तोच हवा होता!

कानावर बसणाऱ्या काड्या लंडनमध्ये १७३० च्या आसपास एडवर्ड स्कार्लेट या चष्मेवाल्याच्या जाहिरातीत दिसू लागतात. त्यापूर्वी स्पेनकडे रेशमी फितीचे फासे कानांत अडकविण्याची रीत होती. परंतु ढोबळपणे पाहिले, तर ही वस्तू चारशे वर्षे हाताने सावरावी लागली. काचा सुधारल्या, घासण्याची यंत्रे आली, याच भिंगांतून दुर्बीण निघाली आणि गुरूचे उपग्रह दिसले; पण ज्याचा हात थरथरतो त्या म्हाताऱ्याला एक हात चष्म्याला द्यावा लागतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. विद्वान माणूस बसून वाचतो, त्याचे एका हातावर भागते. सुई ओवणाऱ्या बाईला दोन्ही हात लागतात. ग्राहक म्हणून समोर कोण आहे असे कारागीर समजतो, त्यावर वस्तूचा आकार ठरतो. या चारशे वर्षांचा उलगडा आम्हांला तरी यातच सापडतो.

बाईची आठवण अगदीच कोणाला झाली नाही असे मात्र नव्हे. स्पेनमधील सेव्हिल येथे १६२३ साली बेनितो दासा दे व्हाल्देस याने चष्म्याच्या उपयोगावर एक पुस्तक छापले. हा गृहस्थ धर्मन्यायालयाचा लेखनिक होता, वैद्य नव्हता. भिंगांची शक्ती अंशांत मोजण्याची रीत त्याने दिली आणि कोणत्या वयाला किती अंश लागतात याचे कोष्टक मांडले. त्यात स्त्रियांसाठी आकडे वेगळे व चढते आहेत. कारण त्यांचे काम अधिक बारीक. पुस्तक लॅटिनमध्ये नाही, लोकभाषेत आहे, हेही ध्यानात घ्यावे.

वयाप्रमाणे भिंग ठरविण्याची पद्धत त्याच्याही आधी शे-दीडशे वर्षे व्यापारात रूढ झाली होती. याचा पुरावा मिलानच्या सरदारघराण्याच्या पत्रव्यवहारात आहे. १४६२ साली ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्त्झा याने फ्लॉरेन्समधील आपल्या वकिलाला लिहून तीन डझन चष्मे मागविले. एक डझन दूरचे पाहण्यासाठी म्हणजे तरुणांना, एक डझन जवळचे पाहण्यासाठी म्हणजे वृद्धांना, आणि एक डझन साधारण दृष्टीसाठी. चार वर्षांनी त्याच्या मुलाने दोनशे मागविले. त्या यादीत तीस वर्षांपासून सत्तर वर्षांपर्यंत पाच-पाच वर्षांच्या अंतराने चढत जाणारे चष्मे आहेत. व्हिन्सेंट इलार्डी या इतिहासकाराने १९७६ साली ही पत्रे प्रसिद्ध केली. दरबाऱ्यांचे डोळे तपासल्याची त्यांत गोष्ट नाही. वय सांगावे, त्या वयाचे भिंग घ्यावे. फ्लॉरेन्सचा दुकानदार आणि आपल्याकडे जत्रेत बसणारा चष्मेवाला यांच्यात या बाबतीत फारसा फरक नाही, आणि 'चाळिशी' व 'बेताळां' हे शब्द त्याच हिशेबाच्या जातीचे आहेत.

हा हिशेब अगदीच आंधळा होता असे समजण्याचे कारण नाही. डोळ्यातले नैसर्गिक भिंग बालपणी मऊ असते. जवळ पाहताना ते फुगते, दूर पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते कडक होत जाते, आणि हा कडकपणा बहुतेक सर्व माणसांत जवळजवळ सारख्याच गतीने वाढतो. केस पिकण्यात किंवा दात पडण्यात इतकी नियमितता नाही. म्हणून नुसत्या वयावरून दिलेला चष्मा पुष्कळांना पुष्कळसा लागू पडे. ज्याला तो लागू पडत नसे, ज्याचे दोन डोळे दोन प्रकारचे असत किंवा ज्याला दुसराच काही विकार असे, तो मात्र दुकानातून रिकाम्या हाताने किंवा चुकीच्या भिंगाने परत जाई. वैद्यांनी हे काम हाती घेतले असते तर बरे झाले असते. पण त्यांना ते कमी प्रतीचे वाटले. जर्मनीच्या गेओर्ग बार्टिश याने १५८३ साली नेत्ररोगांवर मोठा सचित्र ग्रंथ लिहिला; त्यात चष्म्याविरुद्धच उपदेश आहे. डोळ्यासमोर काही नसताना जेवढे चांगले दिसते त्याहून काही ठेवल्यावर अधिक कसे दिसेल, अशी त्याची शंका! वैद्याने हात झटकल्यावर ग्वाही देण्याचे काम कारागिरांच्या संघांकडेच राहिले.

या संघांत लंडनच्या चष्मेकारांचा संघ विशेष प्रसिद्ध आहे. १६२९ च्या मे महिन्यात पहिल्या चार्ल्स राजाने त्याला सनद दिली. त्याच्या ब्रीदवाक्याचा अर्थ 'वृद्धांना वरदान' असा आहे. आपला ग्राहक कोण हे इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा व्यवसाय आम्हांला ठाऊक नाही. संघाच्या अधिकाऱ्यांना दुकाने तपासण्याचा व वाईट माल जप्त करण्याचा हक्क होता. १६७१ साली त्यांनी बावीस डझन चष्मे पकडले. काचा वाईट आणि चौकटीही वाईट, विक्रीला ठेवण्याच्या लायकीचे नाहीत, असा संघाच्या न्यायसभेने निकाल दिला. आणि कॅनन स्ट्रीटवरील 'लंडन स्टोन' या जुन्या शिळेवर ते सर्व चष्मे नेऊन हातोड्याने फोडण्यात आले. २६४ चष्म्यांचा तो चुरा रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिला असेल. शिक्षा शिळेवर आणि चव्हाट्यावर दिली यातच तिचा हेतू दिसतो. म्हाताऱ्या ग्राहकाला भिंगातला दोष दिसत नसला, तरी हातोड्याचा आवाज ऐकू येत होता.

ही गोष्ट सांगताना इंग्रज लेखक बहुधा संघाचे गुणगान करतात. आम्हांला ते पुरते पटत नाही. जप्त केलेला माल वाईट असेलही. परंतु तो वाईट ठरविणारे स्वतः त्याच वस्तूचे विक्रेते होते. स्वस्त चष्मा फुटला म्हणजे महाग चष्मा खपतो, हे त्यांना कळत नव्हते असे मानणे भोळेपणाचे होईल. व्हेनिसने काचेला काच म्हणून जगू दिले. लंडनने हातोडा उचलला. पहिल्या रीतीत निवड करणारा ग्राहक होता, दुसऱ्या रीतीत संघ. आणि त्या बावीस डझनांतला एखादा बरा चष्मा एखाद्या गरीब शिंपिणीला आणखी पाच वर्षे पोटाला मिळवून देऊ शकला असता की नाही, हे विचारण्याची सोय त्या न्यायसभेत नव्हती.

या वस्तूचा आपल्या देशात प्रवेश कसा झाला, याचा शोध एका मराठी पंडिताने घेतला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांना अशा नित्याच्या वस्तूंच्या इतिहासाचे वेडच होते. तंबाखू, अत्तर, दिवाळीचे फटाके, काहीच त्यांना क्षुद्र वाटले नाही. चष्म्यावरील त्यांचा लेख १९४७ चा आहे. विजयनगरच्या दरबारात मान असलेले माध्व आचार्य व्यासतीर्थ (मृत्यू १५३९) यांचे चरित्र त्यांच्याच काळातील सोमनाथ कवीने संस्कृतात लिहिले. आचार्य ग्रंथ वाचीत असता त्यांच्या डोळ्यांवर 'उपलोचनगोलक' होते, असे वर्णन त्यात येते. गोडे यांनी हा उल्लेख हेरून तो १५२० च्या सुमाराचा ठरविला. गोवा पोर्तुगीजांनी १५१० साली घेतला होता आणि विजयनगराशी त्यांचे येणे-जाणे होते. तेव्हा ही वस्तू त्या वाटेने आली असावी, हा तर्क सहज सुचतो. नव्या वस्तूला नवा संस्कृत शब्द घडविताना कवीला अडचण पडलेली दिसत नाही. संन्याशाच्या नाकावर म्लेंच्छांची वस्तू बसली याबद्दल त्याने एक अक्षरही काढले नाही; ग्रंथ वाचता आला पाहिजे एवढेच त्याला महत्त्वाचे वाटले.

दुसरी वाट उत्तरेची. फारसी कवी जामी (मृत्यू १४९२) याने वार्धक्याचे वर्णन करताना फिरंगी काचेने आपले दोन डोळे चार करण्याची गोष्ट बोलली आहे. इराणातून हुमायूनच्या आश्रयास आलेला वृद्ध चित्रकार मीर मुसव्विर याचे एक चित्र त्याच्या मुलाने, मीर सैयद अलीने, काढले. पॅरिसच्या गिमे संग्रहालयात असलेल्या या चित्रात म्हाताऱ्याच्या नाकावर चष्मा आहे आणि हातात अर्जाचा कागद. ज्याचा सारा जन्म केसाएवढ्या रेषा ओढण्यात गेला, त्या कारागिराच्या हातून साठीनंतर काम सुटू नये म्हणून ती काच तेथे आहे. आमच्या मते या विषयावरचे याहून बोलके चित्र नाही.

येथे एक आडवळण घेतल्यावाचून राहवत नाही. जर्मन लोक चष्म्याला 'ब्रिले' म्हणतात. तो शब्द 'बेरिल' या रत्नाच्या नावावरून आला, कारण जुनी भिंगे त्याच जातीच्या नितळ दगडाची मानली जात. 'बेरिल' हा ग्रीकांनी पूर्वेकडून घेतलेला शब्द असून त्याचे मूळ आपल्या प्राकृत 'वेळुरिय', म्हणजे 'वैडूर्य' या शब्दात आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे वस्तू फिरंगी खरी, पण एका फिरंग्याच्या तोंडी तिचे नाव आपले आहे!

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ग्वाहीचा अधिकार हळूहळू संघांकडून शास्त्राकडे गेला. प्रारंभ एका म्हाताऱ्यानेच केला. बेंजामिन फ्रँकलिन याला वाचनाचा व दूरचा असे दोन चष्मे बदलण्याचा कंटाळा आला, तेव्हा त्याने प्रत्येक भिंग अर्धे कापवून एकाच चौकटीत वर-खाली बसविले. १७८५ च्या मे महिन्यातील पत्रात तो म्हणतो की, यामुळे जेवताना ताटातले आणि समोरच्या माणसाचा चेहरा दोन्ही दिसतात, आणि बोलणाऱ्याच्या मुद्रेवरून त्याचे फ्रेंचही अधिक कळते. तो त्या वेळी एकोणऐंशी वर्षांचा होता. वापरणाऱ्यानेच वस्तूचा आराखडा बदलल्याचे हे उदाहरण स्कार्लेटच्या काड्यांइतकेच मोलाचे आहे.

१८०१ साली टॉमस यंगने जवळ-दूर पाहण्याची क्रिया डोळ्याच्या भिंगातच होते हे दाखविले. १८६२ साली हॉलंडच्या स्नेलेनने अक्षरांचा तक्ता केला. तो आजही दवाखान्याच्या भिंतीवर असतो. १८६४ साली त्याचाच गुरू डोंडर्स याचा ग्रंथ निघाला, आणि वयाबरोबर ही शक्ती कशी उतरते याची वक्ररेषा त्यात आखली गेली. चष्मेवाल्यांचा अंदाज अशा रीतीने शास्त्राच्या पंक्तीस बसला. तरी मापाचा गोंधळ उरलाच होता. भिंगाचा क्रमांक इंचात सांगत, आणि पॅरिसचा इंच, प्रशियाचा इंच व इंग्लंडचा इंच हे तीन निराळे. एका देशात ठरविलेला क्रमांक दुसऱ्या देशात खोटा पडे. शिवाय भिंग जितके जोरदार तितका अंक लहान. म्हातारा माणूस वाढत्या वयाबरोबर उतरता क्रमांक मागे. १८७२ साली फ्रान्सच्या मोनोये याने 'डायॉप्टर' हे माप सुचविले. एक मीटरवर किरण एकत्र आणणारे भिंग एक क्रमांकाचे, अर्ध्या मीटरवर आणणारे दोन क्रमांकाचे. आज खेड्यातला मनुष्यही 'दीडचा नंबर आहे' असे जे सहज म्हणतो, तो हाच नंबर.

मापे ठरली, परीक्षा ठरली. आता प्रश्न उरला खर्चाचा, आणि त्या प्रश्नाने एक मंत्रिमंडळही हलविले. ब्रिटनमध्ये १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा चष्मे व कवळ्या फुकट मिळू लागल्या. मागणीचा असा लोंढा आला की सरकारचे अंदाज वाहून गेले. इतकी माणसे इतकी वर्षे नीट न पाहता जगत होती, हे त्या लोंढ्याने दाखवून दिले. १९५१ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री गेट्स्केल यांनी चष्म्यावर व कवळीवर आकार बसविण्याचे ठरविले, तेव्हा या सेवेचे जनक अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. आणखी दोघे त्यांच्यामागून बाहेर पडले. त्यांतील हॅरॉल्ड विल्सन पुढे पंतप्रधान झाले. चष्म्यासाठी राजीनामा दिला म्हणून त्या वेळी टवाळी झाली असेल. आम्हांला तो मुद्दा मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

त्याच देशात १९५८ च्या कायद्याने चष्मा विकण्याचा हक्क नोंदणीकृत व्यक्तींपुरता ठेवला, आणि १९८० नंतरच्या दशकात ती बंधने पुन्हा सैल झाली. लंडन स्टोनवरचा जुना वादच तेथे नव्या पोषाखात उभा राहिला होता. तपासणीशिवाय चष्मा मिळाला तर काचबिंदूसारखा चोरपावलांनी येणारा रोग लपून राहील, असे एक पक्ष म्हणतो. आणि ते खरे आहे, कारण काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही भिंगाने परत येत नाही. तपासणीची सक्ती केली तर तपासणारा जेथे नाही तेथल्या माणसाला काहीच मिळणार नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. आणि तेही खरे आहे. जगाने यातून जो मार्ग काढला तो व्हेनिसच्या मार्गाजवळचा आहे. जवळचे पाहण्याच्या तयार चष्म्यांसाठी २००२ साली १६०३४ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. म्हणजे असा चष्मा विकावा. पण तो चष्मा काय आहे आणि काय नाही, हे ठरलेले असावे.

आपल्या देशात मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली आणि १९५२ च्या कायद्याने प्रमाणचिन्ह आले. आय.एस.आय. ही अक्षरे गृहिणीने इस्त्रीवर आणि पाण्याच्या बाटलीवर शोधावी इतकी परिचित झाली. परंतु बसस्थानकाबाहेर चादर पसरून बसलेल्या चष्मेवाल्याकडे काळ वेगळ्या रीतीने चालतो. तो विचारतो, "बाबा, वय काय?" मग एक चष्मा देतो, वर्तमानपत्राचा तुकडा पुढे करतो, दिसले नाही तर पुढचा देतो. म्हातारी असेल तर सुई-दोरा देतो. ही परीक्षा अशास्त्रीय आहे, पण खोटी नाही. सुई ओवली गेली की नाही याचा निकाल त्या बाईच्याच हातात असतो. त्या चादरीवरच्या भिंगाची दोन्ही बाजूंची शक्ती सारखी आहे काय, मध्य बरोबर आहे काय, काच चढेल-उतरेल अशी वाकडी तर नाही, हे मात्र तिला कळत नाही. आणि नेमके तेवढेच दुसऱ्या कोणी तरी आधी पाहून ठेवावयास हवे असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जवळचे दिसत नसून उपाय न मिळालेल्या माणसांची संख्या ८२ कोटी ६० लक्ष दिली आहे. अलेस्सांद्रोने आपली युक्ती सर्वांना शिकविल्याला त्या वेळी सातशे वर्षे होऊन गेली होती. २०२४ साली याच संघटनेने चष्म्यांसाठी २०३० पर्यंतचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला.

आकडा इतका मोठा असला की मनाला लागत नाही. म्हणून आसामातील चहाच्या मळ्यांत झालेल्या एका प्रयोगाचा निकाल येथे देतो. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चाळीस व त्याहून अधिक वयाचे, जवळचे नीट न दिसणारे ७५१ पानखुडे मजूर त्यात घेतले होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन भाग केले. एका भागाला आरंभीच साधा जवळचा चष्मा दिला, दुसऱ्याला प्रयोग संपल्यावर दिला. चहाची पाने खुडणे हे कोवळा अंकुर व दोन पाने ओळखून तोडण्याचे बारीक काम आहे, आणि मजुरी खुडलेल्या पानांच्या वजनावर ठरते. चष्मा लावणाऱ्यांची रोजची खुडणी चष्मा नसलेल्यांच्या तुलनेने सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. पन्नाशी ओलांडलेल्यांत ही वाढ ३१.६ टक्के भरली.